रेडिएशनचा विभाग कसा आहे ते मशीन बंद पडल्यावर कळतं

माझ्या मोठ्या भावाचे, दादाचे, शेक (रेडिएशनला आमच्याकडे शेकच म्हणतात) या उन्हाळ्यात नागपुरात पूर्ण झाले. गालाचा कॅन्सर होता. आधी ऑपरेशन, मग रेडिएशन आणि सोबत आठवड्याला एक किमो. दादा उमरेडचा, माझं घर मानेवाड्याला, म्हणून तो आणि वहिनी दोघंही माझ्याकडेच राहायला होते. मी पोस्टात काउंटरला काम करते. लोकांना नुसतं ताटकळत ठेवणं वेगळं आणि गर्दी असली तरी प्रत्येकाचं काम मार्गी लावणं वेगळं, हे मी रोज बघते. त्याच नजरेने हा विभाग पाहिला. ज्यांच्या घरात आता ही वेळ आली आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहिते आहे.

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण काही तक्रारी आहेत आणि त्या मी तिथे लेखी दिल्या आहेत. नागपुरात शेक घ्यायला विदर्भातूनच काय, बालाघाट-छिंदवाड्याकडूनही लोक येतात. तुकडोजी पुतळ्याजवळचं राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, शिवाय खासगी रुग्णालयं आहेत. आम्ही गेलो ते या दोन्हींपैकी नाही, दुसरं खासगी, जिथे महात्मा फुले योजना चालते.

शेक कुठे घ्यायचे हे ठरवताना घरी येणारा प्रत्येक जण मशीनबद्दलच बोलत होता. कोणाचं नवीन, कोणाचं परदेशी, कुठे किती मिनिटांत होतं. मशीन चांगलं हवंच, त्यात वाद नाही. पण सहा आठवडे रोज त्या हॉलमध्ये बसल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: रुग्णाचे शेक मध्ये खंड न पडता वेळेत पूर्ण करून देणं, हे त्या विभागाचं सगळ्यात मोठं काम आहे. बाकी सगळं त्यानंतर.

हे पहिल्या भेटीतच कळलं, कारण शेकाच्या डॉक्टर मॅडमनी केसपेपरच्या पाठीमागे आखून दाखवलं. ऑपरेशनमध्ये दिसणारा आजार निघाला, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी राहिलेल्या असू शकतात, त्यांच्यासाठी शेक. दादाच्या मानेतल्या एका गाठीत आजार आवरण फोडून बाहेर आला होता, म्हणून किमो सोबत. अशा जास्त जोखमीच्या रुग्णांना ऑपरेशननंतर शेकासोबत सिस्प्लॅटिन हे किमोचं औषध दिल्याने आजार उलटण्याचं प्रमाण कमी होतं, हे 2004 मध्ये युरोप आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या अभ्यासांनी दाखवलं आणि तेव्हापासून ही पद्धत रुळली. दादाला एकूण 60 ग्रे डोस (ग्रे म्हणजे शेकाचं माप), रोज 2 ग्रे, आठवड्यातले पाच दिवस, म्हणजे सहा आठवडे. मग त्यांनी कागदावर दोन तारखा लिहिल्या आणि त्यांच्याभोवती चौकोन काढले. ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत पहिला शेक सुरू झाला पाहिजे, आणि ऑपरेशनच्या दिवसापासून शेवटच्या शेकापर्यंतचं सगळं साधारण अकरा आठवड्यांत आटोपलं पाहिजे.

वहिनीने विचारलं, एखादा दिवस इकडेतिकडे झाला तर? मॅडमनी जे सांगितलं ते मी माझ्या वहीत उतरवून घेतलं. डोकं आणि मानेच्या कॅन्सरमध्ये उपचार सुरू झाल्यावर साधारण चार आठवड्यांनी, उरलेल्या पेशी पूर्वीपेक्षा भराभर वाढायला लागतात. विदर्स नावाच्या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 1988 मध्ये मांडलं होतं की त्यानंतर लांबलेल्या प्रत्येक दिवसाची बरोबरी करायला रोज सुमारे 0.6 ग्रे जास्तीचा डोस लागतो. आणि बऱ्याच अभ्यासांची गोळाबेरीज केली तर उपचार एक दिवस लांबल्यावर त्या जागचा आजार आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण 1.4 टक्क्यांनी घटते. आठवडाभर खंड पडला तर किती, हा हिशेब कोणालाही करता येतो. वहिनीने पुन्हा तो प्रश्न विचारला नाही.

इतकं नीट समजावून सांगणारा डॉक्टर मिळणं यालाच मी अर्धे गुण देईन. रुग्णाला कारण माहीत असलं की तो स्वतःच दिवस चुकवत नाही.

शेक घेताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्याचा मास्क बनवतात. तो दिवस दादाला सगळ्यात जड गेला. प्लास्टिकची जाळीदार पांढरी शीट गरम पाण्याच्या ट्रेमध्ये टाकतात, ती मऊ आणि पारदर्शक झाली की ओलीच चेहऱ्यावरून खांद्यापर्यंत ताणून टेबलाला अडकवतात. काही मिनिटांत ती चेहऱ्याच्या आकाराची कडक होते. ऑपरेशनमुळे दादाच्या गालाला टाके, मान आखडलेली, त्यात नाकातोंडावर हे. टेक्निशियन पोरगा विशीतला असेल. त्याने आधी शीटचा एक तुकडा दादाच्या हाताच्या पंजावर ठेवून दाखवला, किती गरम लागतं ते. मग म्हणाला, "काका, श्वास नेहमीसारखा घ्या, गिळायचं वाटलं तर गिळा, आणि नकोसं झालं तर हात वर करा, मी कॅमेऱ्यात बघून राहिलो." दादाने हात वर केला नाही. पुढे रोज तो मास्क लावताना तोच पोरगा "काका, आज जेवले काय?" असं विचारायचा आणि उत्तर ऐकून घ्यायचा. सरकारी असो की खासगी, इतक्या गर्दीत माणूस म्हणून वागवणं सोपं नसतं. त्याला पूर्ण गुण.

मास्कवर सीटी काढून, त्यावर प्लॅनिंग होऊन शेक सुरू व्हायला आठवड्याहून थोडे जास्त दिवस लागले. या काळात लोक अस्वस्थ होतात, आजार वाढतो आहे आणि हे बसून राहिले असं वाटतं. पण डॉक्टरांना सीटीच्या एकेका चकतीवर गाठीची जागा, लाळेच्या ग्रंथी, मणक्यातली मज्जा हे सगळं आखावं लागतं आणि फिजिसिस्टला तो प्लॅन मशीनवर तपासून घ्यावा लागतो. आजूबाजूचे चांगले भाग वाचवत नेमक्या जागी डोस देण्याच्या या पद्धतीला आयएमआरटी म्हणतात. ब्रिटनमध्ये 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जुन्या पद्धतीने शेक घेतलेल्या 74 टक्के रुग्णांचं तोंड वर्षभरानंतरही त्रासदायक कोरडं होतं, तर लाळग्रंथी वाचवणाऱ्या आयएमआरटीने ते प्रमाण 38 टक्क्यांवर आलं. कोरड्या तोंडाने भाकरीचा घास उतरवणं काय असतं ते मी हॉलमध्ये पाहिलं आहे, त्यामुळे या आखणीला लागलेले दिवस मला वाया गेलेले वाटत नाहीत.

प्रत्यक्ष शेक म्हणजे टेबलावर आडवं होऊन पंधराएक मिनिटं, त्यात बराच वेळ जागा जुळवून फोटो घेण्यात जातो. दुखत नाही, दिसत नाही. सगळा वेळ जातो तो बाहेर हॉलमध्ये. टोकन होतं, पण किमोचे रुग्ण, वॉर्डातून स्ट्रेचरवर येणारे रुग्ण, आणि "फक्त एकच मिनिट" म्हणून आत जाणारे लोक यांच्यामुळे टोकनाला काही अर्थ राहत नव्हता. आमच्या पोस्टात असं झालं तर लोक काउंटर डोक्यावर घेतील. इथे आजारी माणसं, कोणी आवाज करत नाही, म्हणून चालून जातं. हे बरोबर नाही.

हॉलमध्ये सगळे एकमेकांचा आकडा विचारतात, तुमचे किती, आमचे किती. काटोलच्या एका शिक्षिकेला स्तनाच्या ऑपरेशननंतर फक्त 15 शेक सांगितले होते. तिच्या सासूला वाटायचं, योजनेतली पेशंट म्हणून कमी दिले. तसं नाही. पूर्वी 25 द्यायचे, पण ब्रिटनमधल्या अभ्यासात तीन आठवड्यांत 40 ग्रे देऊन निकाल तितकाच चांगला आला, आणि 2020 मध्ये तर एका आठवड्यात पाच शेकांत 26 ग्रे देण्याच्या पद्धतीचे पाच वर्षांचे निकालही मागे पडले नाहीत. शेक घेतल्याने फायदा किती, तर स्तन वाचवून ऑपरेशन केलेल्या हजारो बायकांच्या नोंदी एकत्र केल्यावर, दहा वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण 35 टक्क्यांवरून 19 टक्क्यांवर आलेलं दिसलं. हे त्या सासूबाईंना तिथल्या सिस्टरनी शांतपणे समजावलं, दोनदा.

भंडाऱ्याकडच्या एक मावशी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या होत्या. त्यांचे बाहेरचे 25 शेक संपत आले होते आणि आता आतून नळीने द्यायचे शेक, ब्रॅकीथेरपी, बाकी होते. त्या घाबरून घरी जायचं म्हणत होत्या. बाहेरचे शेक झाले की बरं वाटतं, रक्त जाणं थांबतं, आणि बायका पुढचं टाळतात. पण आतले शेक झाल्याशिवाय तो उपचार पुरा होत नाही, आणि सगळं मिळून आठ आठवड्यांत संपवायचं असतं. मुंबईच्या टाटा मेमोरियलने तिसऱ्या टप्प्यातल्या अशा बायकांवर केलेला अभ्यास 2018 मध्ये आला. नुसत्या शेकाने पाच वर्षांनी 46 टक्के हयात होत्या, शेकासोबत सिस्प्लॅटिन दिलेल्या 54 टक्के. तिसऱ्या टप्प्यात निदान होऊनही निम्म्याहून जास्त बायका पाच वर्षांनी आपल्यात आहेत, हे वाक्य मी त्या मावशींना सांगितलं. त्या थांबल्या. माझ्यामुळे की त्यांच्या लेकीच्या रडण्यामुळे, माहीत नाही, पण थांबल्या.

छिंदवाड्याचे एक आजोबा मात्र एकाच दिवशी दिसले. त्यांना हाडात पसरलेल्या आजारासाठी 8 ग्रेचा एकच शेक दिला आणि सोडलं. दादा घरी येऊन मला म्हणाला, "त्याले एकातच मोकळं केलं, मले एवढे काऊन?" दुसऱ्या दिवशी मी विचारून आले. हाडाच्या दुखण्यावर एकच मोठा शेक आणि पाच-दहा शेक यांचा आराम जवळपास सारखाच असतो, तिथे हेतू दुखणं कमी करण्याचा असतो. दादाचा हेतू आजार मुळातून काढण्याचा. हे ऐकून तो गप्प बसला आणि संध्याकाळी स्वतःहून गुळण्या करायला उठला.

मधेच उमरेडला पुतणीचं लग्न निघालं. मे महिना, लग्नसराई, दादा घरातला मोठा. त्याला एक दिवस चुकवायचा होता आणि नातेवाईक फोनवर फोन करत होते, एका दिवसाने काय होते म्हणून. विभागातल्या सिस्टरनी ओरडा केला नाही. त्यांनी त्या दिवसाचा पहिलाच नंबर, सकाळी मशीन सुरू झाल्या झाल्या, दादाला दिला. शेक घेऊन आम्ही उमरेडला गेलो, अक्षता टाकल्या आणि ऊन चढायच्या आत परत निघालो. ही सोय कुठल्या माहितीपत्रकात लिहिलेली नसते, पण रुग्णाचा दिवस वाचवायचा असं विभागाने मनावर घेतलं की अशी वाट निघते.

आता मशीन बंद पडल्याचं सांगते. पारा पंचेचाळीसच्या आसपास होता. शेक देणारं मशीन, म्हणजे लायनॅक, आतून पाण्याने थंड ठेवावं लागतं, त्यासाठी चिलर असतो, आणि तोच बंद पडला. गुरुवारची दुपार. हॉल गच्च भरलेला. आत काहीतरी बिघडलं आहे हे आम्हाला टेक्निशियनच्या धावपळीवरून कळलं, सांगितलं कोणीच नाही. दोन तास गेले. मग एक वॉर्डबॉय येऊन म्हणाला, आज होणार नाही, उद्या या. सिरोंच्याकडून रात्रभर प्रवास करून आलेलं एक कुटुंब तिथे होतं. त्यांचा दिवस गेला, मुक्कामाचे पैसे गेले. शुक्रवारी सगळे पुन्हा आले, मशीन बंदच. प्रत्येकाच्या फायलीवर मोबाइल नंबर लिहिलेला असतो. एक निरोप पाठवायला किती वेळ लागतो? माझी या हॉस्पिटलवरची सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. मशीन बिघडतं, ते मी समजू शकते. आजारी माणसाला न कळवता उन्हात बोलावणं, हे समजून घेण्यासारखं नाही.

पण त्याच शुक्रवारी जे पुढे झालं ते मी तितक्याच ठळकपणे लिहीन. मी काउंटरवर एकच प्रश्न धरून बसले होते: हे दोन दिवस भरून कसे काढणार? मॅडम स्वतः बाहेर आल्या, हातात रुग्णांची यादी. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की डोकं-मान आणि गर्भाशयमुखाचे रुग्ण आधी, कारण त्यांचा उपचार लांबला तर निकालावर परिणाम होतो. ज्यांना थोडं थांबलं तरी चालतं ते नंतर. ही मनमानी नव्हती. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ रेडिऑलॉजिस्ट्सने रुग्णांचे असे गट आखून दिलेले आहेत, आणि पहिल्या गटाचा उपचार ठरल्या तारखेपेक्षा दोन दिवसांहून जास्त लांबू नये असं सांगितलेलं आहे. रात्री मशीन सुरू झालं. शनिवारी सुट्टी असून विभाग उशिरापर्यंत चालला. पुढच्या आठवड्यात एक दिवस दादाला सकाळी एक आणि संध्याकाळी एक असे दोन शेक दिले. मधे निदान सहा तासांचं अंतर हवं, म्हणजे चांगल्या पेशींना सावरायला वेळ मिळतो. त्या मधल्या वेळेत आम्ही घरी आलो, कूलरपुढे दादा झोपला, पुन्हा गेलो. शेवटच्या शेकाची कार्डावर लिहिलेली तारीख चुकली नाही.

म्हणून कुठेही नाव नोंदवण्याआधी हे विचारा: मशीन बंद पडलं तर काय करता? त्याच्याशी जुळणारं दुसरं मशीन आहे का, ज्यावर रुग्ण हलवता येतो? शनिवारी भरपाई करता का? मागचा खंड कसा भरून काढला? या प्रश्नांवर जो विभाग गोंधळतो, त्याच्याकडे मशीन कितीही नवीन असो, मी माझा माणूस पाठवणार नाही.

तोंडाचं दुखणं. तिसऱ्या आठवड्यात दादाचं तोंड आलं, चव गेली, मग गिळताना घसा सोलल्यासारखा. "बाई, पाणीबी तिखट लागून राहिलं," म्हणायचा. तर्री पोह्यांशिवाय ज्याची सकाळ होत नाही असा माणूस दुधातला मऊ भात डोळे मिटून गिळत होता. मीठ-सोड्याच्या गुळण्या, जेवणाआधी बधिर करणारं जेल, वेदनेचं औषध वेळेवर, हे सिस्टरनी पहिल्याच आठवड्यात वेळापत्रकासारखं लिहून दिलं होतं, तोंड येण्याची वाट पाहिली नाही. आहारतज्ज्ञांचा छापील तक्ता मात्र आमच्या काही कामाचा नव्हता. त्यात ज्या गोष्टी होत्या त्या उमरेडच्या माणसाने कधी खाल्लेल्या नाहीत. शेवटी सिस्टरनीच वहिनीला सांगितलं, जे रोज करता तेच मिक्सरमधून काढा, तूप वाढवा, तिखट-आंबट बंद. मुगाचं वरण, ज्वारीची पातळ आंबील, केळं घातलेलं दूध, अंडं घालून शिजवलेला मऊ भात. तेवढ्यावर वजन बऱ्यापैकी टिकलं. तरी चौथ्या आठवड्यात मास्क गालापाशी सैल झाला. टेक्निशियनच्या ते आमच्याआधी लक्षात आलं. नवा मास्क, नवा सीटी, नवा प्लॅन झाला, पण जागा रोजच्या फोटोत जुळत होती म्हणून नवा प्लॅन तयार होईपर्यंत जुन्यावर शेक चालू ठेवले. त्यातही दिवस गेला नाही.

दातांचं काम त्यांनी आधीच करून घेतलं होतं. किडलेल्या दाढा काढून जखम भरायला दोन आठवडे दिले आणि दातांच्या डॉक्टरांचा कागद आल्याशिवाय शेक सुरू करणार नाही म्हणून सांगितलं. शेक झालेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर हाड भरून न येण्याचा, कुजायला लागण्याचा धोका असतो. ज्या विभागात दातांबद्दल कोणीच विचारत नाही तिथे तुम्ही स्वतः विचारा.

आणि त्या कांड्या. दादाने वीस वर्षं खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना घोटून केलेलं मिश्रण, खाल्ला. सुपारीने गाल आतून कडक झालेले, त्यात ऑपरेशन, त्यात शेक. तोंड मुश्किलीने दोन बोटं उघडायचं. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी कांड्यांची जुडी रबरबँड लावून दिली. वरच्या आणि खालच्या दाढांमध्ये जमतील तेवढ्या कांड्यांची चवड सरकवायची, थोडा वेळ धरायची, मग मधोमध आणखी एक घुसवायची. त्या चवडीतली ती एक कांडी घुसताना दादाच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि हात मांडीवर आवळलेला असायचा. वहिनी समोर बसून मोजायची. 35 मिलिमीटरपेक्षा कमी तोंड उघडलं तर ते आखडलेलं धरतात. दादा अजून तिथवर पोचलेला नाही, पण पोळीचा तुकडा आत जातो आता. हा व्यायाम शेक संपल्यावरही महिनोन्‌महिने करायचा आहे आणि आमच्यासोबतच्या बऱ्याच रुग्णांना तो कोणी सांगितलाच नव्हता, कारण ताई आठवड्यातले ठरावीक दिवसच यायच्या.

खर्ऱ्याचं लिहिल्याशिवाय राहवत नाही. हॉस्पिटलच्या फाटकासमोर पानठेला आहे आणि तिथे पन्नीवर खर्रा घोटणाऱ्यांत रुग्णांसोबत आलेले भाऊ, मुलं, जावई असतात. आत बापाला शेक चालू, बाहेर पोराच्या गालात खर्रा. भारतातल्या पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर सगळ्यात जास्त आहे, आणि विदर्भात खर्रा कुठल्या गावात मिळत नाही ते सांगा. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे. लोक म्हणतात, तंबाखू काढून नुसती सुपारी खातो. पण नुसती सुपारीसुद्धा माणसाला कॅन्सर करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 मध्येच स्पष्ट केलं आहे. रुग्णांबद्दलही एक गोष्ट: कॅनडात 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, डोकं-मानेचे शेक चालू असताना सिगारेट ओढत राहिलेल्यांपैकी 45 टक्क्यांचा आजार पूर्ण गेला, न ओढणाऱ्यांपैकी 74 टक्क्यांचा. दोन वर्षांनी हयात असलेले 39 टक्के आणि 66 टक्के. मशीन तेच, डोस तोच. दर सोमवारी तपासणीत मॅडम दादाला विचारायच्या, "पुडी बंद आहे ना?" आणि तो तोंड उघडून दाखवायचा. एवढ्यावर भागत नाही. व्यसन सोडवणारा एक समुपदेशक त्या हॉलमध्ये रोज बसायला हवा, आणि त्याने रुग्णापेक्षा सोबत आलेल्या पोरांशी बोलायला हवं.

पैशाचं थोडक्यात. शेक आणि किमो योजनेत झाले. रेशन कार्ड, आधार, बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन आरोग्यमित्राकडे (हॉस्पिटलमध्ये योजनेचं काम पाहणारा माणूस) आधीच जा, मंजुरीला वेळ लागतो आणि तो वेळ तुमच्या सहा आठवड्यांतून जातो. योजनेत शेकाच्या वेगवेगळ्या तंत्रांची वेगवेगळी पॅकेजं आहेत, तुमच्यासाठी कुठलं मंजूर झालं ते विचारून घ्या. खिशातून गेले ते दात, प्रोटीन पावडर, गुळण्यांची औषधं आणि रोजचा ऑटो.

शेवटच्या दिवशी मास्क घरी नेता का विचारलं, दादा नको म्हणाला. सिस्टरनी एक गोष्ट बजावली, जी सगळ्यांनी लक्षात ठेवावी: शेक संपल्यावर पुढचे आठ-पंधरा दिवस त्रास वाढतो, कमी होत नाही. आणि बरोबर त्याच दिवसांत, दादाला रात्री घोट उतरत नव्हता तेव्हा, त्यांचा फोन आला, कसे आहेत काका म्हणून. त्या एका फोनने आम्ही पुन्हा भरती व्हायच्या ऐवजी औषध बदलून घरीच निभावलं.

निकाल काय, हे लोक विचारतात. मॅडमनी आकडा सांगून आश्वासन दिलं नाही. म्हणाल्या, आजार उलटायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत उलटतो, म्हणून या दोन वर्षांत एकही तपासणी चुकवू नका. आतापर्यंतच्या तपासण्यांत काही सापडलेलं नाही. मानेला शेक झाल्याने थायरॉईड मंदावू शकतं, त्याची रक्ततपासणी सहा महिन्यांनी आहे, तीही कार्डावर लिहून दिली आहे.

डॉक्टर, सिस्टर, टेक्निशियन यांना पाचपैकी पाच. टोकन आणि रांगेला दोन. मशीनबद्दल रुग्णांना कळवण्याला शून्य. कळवण्यासाठी काय करता येईल ते मी लेखी दिलं आहे: सकाळी साडेसातपर्यंत प्रत्येक फायलीवरच्या नंबरला एक मेसेज, मशीन चालू की बंद, आणि लांबून येणाऱ्यांना फोन. पोहोच घेतली आहे, उत्तर अजून आलेलं नाही. दादाच्या पुढच्या तपासणीला जाईन तेव्हा पोहोच दाखवून पुन्हा विचारणार आहे.